जमिनीखालचा इतिहास आणि कायद्याची हद्द

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत ज्याचे घर आहे, त्याला त्या घरावर नवा मजला चढवता येत नाही. मोडकळीला आलेली भिंत दुरुस्त करायची तरी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. त्यापुढच्या २०० मीटरांत बांधकाम करता येते, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस होऊन परवानगीचा कागद हाती पडल्यावरच. परवानगीवाचून पाया खणला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने हे ठरवून दिले आहे. दिल्लीच्या जंतरमंतरजवळच्या बांधकामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ही १०० मीटरची बंदी काटेकोरपणेच पाळली पाहिजे, असे बजावले.

आता याच जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावाची पांढर, म्हणजे उठलेल्या वस्तीचे टेकाड, पाहा. वस्ती कधीच हललेली असते. टेकाडावर बाभळी उगवलेल्या असतात. पायाखाली खापऱ्या, राखेचे थर, जात्याचा तुकडा, पहिल्या पावसानंतर वर आलेला एखादा मणी. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथली माती धाब्याच्या घरांवर टाकायला नेत आले, टेकाड थोडेथोडे झिजत गेले. आता रस्त्याच्या भरावासाठी माती लागते. गौण खनिजाचा परवाना काढला, स्वामित्वधन भरले, की जेसीबी ते टेकाड एका आठवड्यात सपाट करू शकते. जागा संरक्षित यादीत नसेल, तर ‘आधी पुरातत्त्वीय पाहणी करून घ्या, मग खणा’ असे त्या ठेकेदाराला सांगण्याचा नेमका अधिकार कायद्याने तहसीलदाराला दिलेला नाही, ग्रामपंचायतीला दिलेला नाही आणि पुरातत्त्व खात्यालाही दिलेला नाही.

किल्ल्याजवळचा घरमालक आणि टेकाडावरचा ठेकेदार, दोघेही कायद्याच्या चौकटीत आहेत. मला काळजी वाटते ती या चौकटीची. जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी कुणावर, कुठे आणि किती प्रमाणात सक्तीची असावी याचा विचार आपण कधी सलग केलाच नाही. जिथे एखादे स्मारक यादीत आले तिथे आजूबाजूच्या लहान माणसावर सगळा भार टाकला, आणि जिथे सरकार स्वतः हजारो एकर जमीन उकरणार आहे तिथे प्रश्नच विचारला नाही. त्यात गेल्या काही वर्षांत ‘सर्वेक्षण करा’ ही मागणी वेगळ्याच कारणासाठी कोर्टकचेऱ्यांत गाजू लागली आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर सोलापूरसारख्या जिल्ह्याचे जे नुकसान होईल, ते कोणत्याही निधीने भरून निघणार नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहायला हवे, कारण या विषयावर बोलताना बहुतेक जण अंदाजाने बोलतात. राज्यघटनेने हा विषय तीन ठिकाणी वाटला आहे. संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारके आणि स्थळे केंद्राकडे, बाकीची प्राचीन स्मारके राज्याकडे, आणि राष्ट्रीय महत्त्वाची न ठरवलेली पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. पांढरीचे टेकाड या तिसऱ्या गटात बसते. दोघांची जबाबदारी असलेल्या गोष्टीचे आपल्याकडे जे होते, तेच या टेकाडांचे झाले.

केंद्राचा कायदा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. दोन्हींची रचना साधारण सारखी. पुरेसे जुने (केंद्रीय कायद्यात किमान शंभर वर्षांपूर्वीचे) अवशेष असल्याचे मानायला वाजवी कारण असेल, तर सरकार ती जागा संरक्षित म्हणून जाहीर करू शकते. केंद्रीय कायद्यात त्यासाठी दोन महिन्यांची सूचना काढून हरकती ऐकाव्या लागतात. एकदा जागा संरक्षित झाली की जिल्हाधिकारी आणि मालक यांना लेखी कळवून पुरातत्त्व अधिकारी तिथे प्रवेश करू शकतो, उत्खनन करू शकतो. मालकाचे पीक बुडाले, उत्पन्न घटले, तर भरपाई देणे सरकारवर बंधनकारक आहे. मालकी सरकारकडे गेलीच पाहिजे असे नाही. शेती चालू ठेवता येते, मात्र एक फूट खोलीपर्यंतच. ही एक फुटाची मर्यादा बैलनांगराच्या काळात चालून गेली असेल. आज उसासाठी पलटी नांगर लावला की फाळ एक फुटाच्या खाली सहज जातो, आणि सोलापूर जिल्ह्यात ऊस किती आहे हे सांगायला नको.

संरक्षित यादीबाहेरच्या जमिनीवर मात्र चित्र उलटे होते. तिथे राज्य सरकारलासुद्धा पुरातत्त्वीय उत्खनन करायचे किंवा करवून घ्यायचे असेल, तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ही अट योग्य आहे. उत्खनन ही एकदाच करता येणारी गोष्ट आहे. थर उकरला की तो पुन्हा मांडता येत नाही, म्हणून हौशी माणसाच्या हाती कुदळ देता कामा नये. पण या अटीचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. एखाद्या आमदाराने, जिल्हाधिकाऱ्याने किंवा गावसभेच्या ठरावाने ‘अमुक गटाची जमीन खणून पाहा’ असे म्हटले, तर त्या म्हणण्याला कायद्याचा आधार नाही. खासगी जमिनीवर नुसते चालत जाऊन खापऱ्या पाहायच्या तरी मालकाची संमती हवी. घटनेचा अनुच्छेद ३०० अ सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. शेतकऱ्याने बांधकाम थांबवावे, पाहणीचा खर्च द्यावा, अहवाल येईपर्यंत वर्षभर जमीन पडीक ठेवावी, हे सांगायला स्पष्ट कायदा लागेल. परिपत्रकावर ते भागणार नाही.

ही मर्यादा मला अडथळा वाटत नाही. ती का हवी हे समजायला सोलापूर शहराच्या भोवतीच एक फेरी मारावी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत ६८ लिंगे स्थापन केली, अशी इथली श्रद्धा. मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आजही त्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत जाते. यातली कित्येक लिंगे आज दाट वस्तीत आहेत. काही रस्त्याकडेला, काही लोकांच्या घरांना खेटून. ‘प्रत्येक ऐतिहासिक स्थानाभोवती पाहणी सक्तीची’ असा सरसकट नियम उद्या कुणी काढला, तर अर्ध्या जुन्या सोलापुरात न्हाणीघर बांधायलाही परवानगी लागेल. पहिल्याच वर्षी लोक त्या स्थानांकडे संकट म्हणून पाहू लागतील. आठशे वर्षे ज्या श्रद्धेने ती जपली, ती श्रद्धा अर्जांच्या खेपा घालताना टिकणार नाही.

या जिल्ह्याच्या इतिहासाची जी माहिती आज हाताशी आहे, तिचा मोठा हिस्सा सक्तीने मिळालेला नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांमध्ये गणला जातो. तो अभ्यासकांपुढे आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. कुठल्याही विद्यापीठाचा विभाग पाठीशी नसताना त्यांनी जिल्ह्यातली गावे पायाखाली घातली, शिलालेखांचे ठसे घेतले, मराठी, कन्नड, संस्कृत लेख वाचले. शेजारचे हरिहरेश्वर मंदिर कित्येक वर्षे मातीच्या ढिगाऱ्याखाली होते. स्थानिक अभ्यासक आणि विद्यार्थी यांच्या श्रमातून ते मोकळे झाले, आणि शेकडो शिवमुखे कोरलेली पिंडी जगाला दिसली. बार्शीहून जवळच, आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने लोकांच्या शेतांत, परसांत सापडलेल्या मूर्ती, मणी, नाणी, हस्तिदंती वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्याच नावाने तिथे आज शासनाचे वस्तुसंग्रहालय उभे आहे. लोक त्यांच्याकडे वस्तू घेऊन येत, कारण त्यात त्यांना धोका दिसत नव्हता.

आज तो धोका दिसतो, आणि त्याची मुळे कायद्यातच आहेत. जमिनीत धन सापडले तर लागू होणारा निखात निधी कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. न कळवल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याला वाटा मिळण्याची तरतूद त्यात आहे. मालकाशी वेगळा करार नसेल, तर ज्याला सापडले त्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारने ते धन स्वतःकडे घेतले तर किमतीवर आणखी काही रक्कम देण्याचीही सोय आहे. पण हे किती शेतकऱ्यांना माहीत आहे? त्यांना माहीत असते ते एवढेच की हंडा निघाला की पोलीस येतात, पंचनामा होतो, चार महिने चौकशी चालते आणि वस्तू जप्त होऊन कुठल्याशा कोठारात जाते. शिवाय किल्ल्याशेजारच्या माणसाची तारांबळ त्यांनी ऐकलेली असते. म्हणून गावोगाव एकच सल्ला दिला जातो : खालून काही निघाले तर बोलू नका, जमीन अडकेल. हा सल्ला कायद्याच्या दृष्टीने चूक आहे, पण व्यवहारात तो खोटा ठरवण्यासाठी आपण काहीही केलेले नाही.

जो कायदा खरे सांगणाऱ्याला अडचणीत आणतो, तो गप्प बसणारे तयार करतो. सरसकट सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्या इतिहासप्रेमींनी, आणि त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, याचा विचार करावा. विहीर खणताना कोरीव दगड लागला आणि त्यापायी काम वर्षभर थांबणार असेल, तर तो दगड रात्रीतून फोडला जाईल किंवा पुन्हा गाडला जाईल. पुरातत्त्व खात्याकडे प्रत्येक विहिरीवर माणूस उभा करता येईल एवढे मनुष्यबळ नाही. आहे त्या यादीचीच देखरेख कशी होते ते २०१३ च्या ‘कॅग’च्या अहवालाने दाखवले. देशात केंद्राची संरक्षित स्मारके तेव्हा ३,६७८ होती. लेखापरीक्षकांनी त्यांतली १,६५५ प्रत्यक्ष जाऊन पाहिली, तेव्हा ९२ जागेवर सापडलीच नाहीत. यादीत नाव असलेले स्मारक हरवत असेल, तर देशभरच्या प्रत्येक गटक्रमांकावर सक्ती लादून आपण फक्त फायली वाढवू.

आता न्यायालयांकडे वळतो. संरक्षित नसलेल्या जागेचे सर्वेक्षण करण्याचा आदेश दिवाणी न्यायालय देऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६ व्या आदेशात स्थानिक पाहणी आणि वैज्ञानिक तपासणी यांसाठी कमिशन नेमण्याची तरतूद आहे. वाद समजून घ्यायला मदत व्हावी, एवढाच तिचा हेतू. पक्षकाराला पुरावा शोधून देणे हे कमिशनचे काम नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. अयोध्येत अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २००३ मध्ये उत्खननाचा आदेश दिला, तेव्हा तो खटला कित्येक दशके चाललेला होता. त्यानंतर मात्र ही तरतूद दाव्याच्या पहिल्याच पायरीवर वापरली जाऊ लागली. वाराणसीत ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्ञानवापी मशिदीच्या सर्वेक्षणाला स्थगिती नाकारली, पण खोदकाम न करता, वास्तूला धक्का न लावता पाहणी करण्याच्या अटीवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या संभलला मशिदीच्या पाहणीचा आदेश निघाला, पथक गेले, पाच दिवसांत ते दुसऱ्यांदा गेले आणि दंगल होऊन माणसे मेली. १२ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रार्थनास्थळांविषयीच्या १९९१ च्या कायद्याची प्रकरणे ऐकताना अंतरिम आदेश दिला : प्रार्थनास्थळांवर हक्क सांगणारे नवे दावे नोंदवू नयेत आणि चालू दाव्यांत सर्वेक्षणासह कोणताही परिणामकारक आदेश देऊ नये.

तो आदेश मला केवळ शांततेसाठी महत्त्वाचा वाटत नाही. पुरातत्त्वाच्या भल्यासाठीही तो आवश्यक होता. सोलापूर जिल्हा हा थरांचा जिल्हा आहे. चालुक्य, कलचुरी, यादव, बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे अशा सत्ता इथे आल्या आणि गेल्या. मंगळवेढे कलचुरींची राजधानी राहिलेले. ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी औरंगजेबाची छावणी सतराव्या शतकाच्या शेवटी काही वर्षे होती, माचणूरचा किल्ला त्याच काळातला. सोलापूरच्या भुईकोटात जुन्या मंदिराचे अवशेष आहेत आणि किल्ल्याला लागून सिद्धेश्वराचे तळे. इथे कुठेही दहा फूट खाली गेले की आधीच्या कुणाचे तरी काहीतरी लागणारच. ते कुणाचे होते यावरून आजचा मालक ठरणार असेल, तर या जिल्ह्यात कुणीही, कोणत्याही धर्माचा माणूस, अभ्यासकाला आपल्या दारात उभा करणार नाही. दर्ग्याचा मुजावर शिलालेखाचा ठसा घेऊ देणार नाही आणि देवळाचा पुजारी गाभाऱ्यातला लेख वाचू देणार नाही. आनंद कुंभारांना जी दारे उघडी मिळाली, ती पुढच्या पिढीच्या संशोधकाला बंद मिळतील. पाहणीत निघालेल्या गोष्टीचा मालकीहक्काच्या किंवा उपासनेच्या वादात उपयोग होणार नाही, एवढी हमी कायद्यातच असल्याशिवाय पाहणीच्या सक्तीची भाषा करणे धोक्याचे आहे.

मग सक्ती नकोच का? हवी. पण जिथे ती आज अजिबात नाही तिथे, म्हणजे सरकार आणि सरकारच्या अधिकाराने जमीन घेणारे प्रकल्प यांच्यावर.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. भीमेचे पाणी करमाळा, माढा, इंदापूर या भागांतल्या गावांवर चढले. गावे उठली, माणसे उठली, त्यांच्या पुनर्वसनाची कहाणी वेगळी आणि अजून न संपलेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर वर येते, कुगावच्या इनामदारांच्या वाड्याच्या भिंती दिसू लागतात, आणि लोक होड्या करून फोटो काढायला जातात. याच देशात नागार्जुनसागर धरणाच्या आधी, १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे सबंध खोरे खणून, नोंदवून झाले होते आणि महत्त्वाचे अवशेष टेकडीवर हलवले गेले होते. श्रीशैलम धरणाच्या वेळीही मंदिरे हलवली गेली. तिथे कायद्याची सक्ती होती म्हणून ते झाले नाही, काही माणसांनी आग्रह धरला म्हणून झाले. आग्रह धरणारे असतील तिथे वाचवायचे आणि नसतील तिथे बुडवायचे, हे धोरण असू शकत नाही. भीमेच्या काठावरच्या त्या पांढरींमध्ये काय होते? इनामगावला घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधरा वर्षे खणले, तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सबंध गाव उभे राहिले. घोड ही भीमेचीच उपनदी.

उजनीनंतरही नियम बदललेला नाही. पर्यावरणीय परवानगीची २००६ ची अधिसूचना मोठ्या प्रकल्पांना अर्जात सांस्कृतिक मूल्य असलेल्या संरक्षित जागांची माहिती द्यायला लावते. संरक्षित नाही ते त्या रकान्यात येत नाही, आणि माहिती भरणे म्हणजे पाहणी करणे नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, पण राष्ट्रीय महामार्गांचा कायदा त्यातून वगळलेल्या कायद्यांच्या यादीत आहे. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. देवस्थाने जोडायची म्हणून आखलेल्या या रस्त्याच्या वाटेवर जुन्या वस्त्यांची किती टेकाडे येतात, याची मोजणी करणे कुणावरही बंधनकारक नाही. आखणीवर शेतकऱ्यांचा विरोध आहे, तीत बदलही होत आहेत. रस्ता कुठूनही गेला तरी हा प्रश्न तसाच राहतो. सोलापूरजवळच्या बोरामणीला विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन काही वर्षांपूर्वीच संपादित झाली. त्याच परिसरातल्या गवताळ माळावर दगडांच्या गोलाकार ओळींची, चक्रव्यूहासारखी एक मोठी रचना २०२५ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली. जमिनीवर उघडी पडलेली गोष्ट दिसायला इतकी वर्षे लागली, तर जमिनीखालचे काय सांगावे.

२०१८ च्या जानेवारीत लोकसभेने स्मारकांच्या कायद्यात एक दुरुस्ती मंजूर केली. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना १०० मीटरच्या प्रतिबंधित पट्ट्यात वाट मोकळी करणारी. राज्यसभेने ते विधेयक निवड समितीकडे पाठवले आणि त्याचा कायदा झाला नाही. पण त्यातून विचाराची दिशा कळते. घरमालकाला न्हाणीघराची सूट नाही, पण सरकारला उड्डाणपुलाची हवी होती. जमिनीचे नुकसान कोण जास्त करतो, याचा हिशेब केला तर सूट नेमकी उलट दिशेला द्यायला हवी.

इतर देशांनी ही रेषा वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. अमेरिकेच्या १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्यात संघराज्य सरकारचा पैसा, परवाना किंवा जमीन गुंतलेली असेल तर आधी वारशावरचे परिणाम तपासावे लागतात. खासगी माणूस स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने काही करत असेल, तर हा कायदा त्याच्या दारात जात नाही. त्यात पळवाटा आहेत आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या तक्रारीही आहेत, पण तत्त्व स्पष्ट आहे : सार्वजनिक अधिकार वापरणाऱ्यावर सार्वजनिक जबाबदारी. इंग्लंडमध्ये १९८९ साली लंडनच्या साउथवर्क भागात कार्यालयाच्या पायात शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठा संघर्ष झाला. पुढच्याच वर्षी नियोजनाचे नवे मार्गदर्शक धोरण आले. बांधकाम परवानगी मागणाऱ्याने आधी जागेचे मूल्यमापन करायचे आणि नोंदींचा खर्च त्यानेच उचलायचा. तिथेही अट प्रमाणात ठेवलेली असते. घराच्या मागे खोली बांधणाऱ्याला मैदानभर उत्खनन करायला सांगितले जात नाही. शेतात नाणे सापडलेल्या माणसासाठी तिथे स्वेच्छेने नोंद करण्याची योजना आहे. वस्तू दाखवायची, नोंद करायची आणि खजिन्याच्या व्याख्येत बसत नसेल तर घरी न्यायची. त्या योजनेतून लाखो वस्तूंची जागेसकट नोंद झाली.

महाराष्ट्राने यातले काय घ्यावे? माझ्या मते भार टाकायचा तो माती किती हलते आणि ती कुणाच्या अधिकाराने हलते, यावरून. महामार्ग, धरण, कालवा, औद्योगिक वसाहत, विमानतळ, शहर पुनर्विकास, खाणपट्टा यांसाठी भूसंपादनाची पहिली अधिसूचना निघण्याआधी जुन्या कागदपत्रांची आणि प्रत्यक्ष चालून जमिनीची पाहणी सक्तीची करावी. गावनकाशे, गॅझेटियर, डेक्कन कॉलेजचे अहवाल, स्थानिक अभ्यासकांच्या नोंदी हे सगळे उपलब्ध आहे. चालत पाहणी करायला पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे पथक काही महिन्यांत शंभर किलोमीटरचा पट्टा संपवू शकते. जिथे खरेच काही दिसेल तिथेच चाचणी खड्डा, आणि तोही केंद्राच्या परवान्याने. खर्च प्रकल्पाचा. खात्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर काम पुढे जाईल, ही अटही हवी, नाहीतर परवानगी अडवून ठेवणे हाच एक उद्योग होईल. लहान शेतकरी, घर बांधणारा, विहीर किंवा शेततळे खणणारा यांना या सक्तीतून स्पष्ट शब्दांत वगळावे. त्यांनी सापडलेली गोष्ट कळवली तर पंधरा दिवसांत माणूस येऊन नोंद करेल, काम अडले तर भरपाई मिळेल आणि वस्तू शक्यतो तालुक्याच्या गावीच राहील, असे लेखी वचन द्यावे. समवर्ती सूचीतल्या विषयावर विधिमंडळाला कायदा करता येतो. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये तर विकास आराखड्यात पुरातत्त्वीय जागांचे जतन दाखवण्याची तरतूद आधीपासून आहे. ती वापरायला नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही.

यावर रास्त आक्षेप खर्चाचा आणि विलंबाचा आहे. मला त्याहून गंभीर आक्षेप दिसतो तो माणसांचा. पुरातत्त्व शिकलेली मुले महाराष्ट्रात आहेत, त्यांना काम नाही. खात्यात मंजूर पदे रिकामी राहतात. आधी माणसे नेमल्याशिवाय सक्ती केली, तर पाहणीचे अहवाल सल्लागार कंपन्या कार्यालयात बसून लिहितील आणि प्रत्येक अहवालात ‘काही आढळले नाही’ असेच असेल. पर्यावरणाच्या अहवालांबाबत असे अनुभव आलेले आहेत.

ही निकड पंढरपूरसाठी सर्वांत जास्त आहे. मे २०२४ च्या अखेरीस विठ्ठल मंदिरात संवर्धनाचे काम चालू असताना हनुमान दरवाज्याजवळ फरशीखाली तळघर लागले, त्यात दगडी मूर्ती मिळाल्या. काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली चालले होते, जाणकार माणूस जागेवर होता, म्हणून मूर्ती कशा स्थितीत आणि कुठे होत्या याची नोंद झाली. तीच फरशी एखाद्या ठेकेदाराच्या मुकादमाने उचलली असती तर? देवळाच्या भिंतीबाहेर, मंदिराभोवतीच्या नियोजित सरकारी कॉरिडॉरसाठी जी घरे आणि वाडे पाडण्याची योजना आहे, तिथे तशी देखरेख सक्तीची नाही. तेराव्या शतकातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख याच देवळातला आहे. म्हणजे त्या गल्ल्यांखालची वस्ती किमान साडेसातशे वर्षांची. तिथल्या रहिवाशांचा कॉरिडॉरला विरोध आहे आणि त्यांच्या घरादाराचा, धंद्याचा प्रश्न त्यांच्या जागी स्वतंत्रपणे सुटला पाहिजे. पुरातत्त्वाचे निमित्त करून त्यांची घरे घेऊ नयेत, आणि पुरातत्त्वाचे निमित्त करून प्रकल्प वर्षानुवर्षे कोर्टात लोंबकळतही ठेवू नये. पण एकही वाडा पाडण्याआधी त्याचे मोजमाप, छायाचित्रे, पायातल्या दगडांची पाहणी आणि पाया उकरताना पुरातत्त्वज्ञाची उपस्थिती, एवढी अट राज्य सरकारला आज, आहे त्या अधिकारात, निविदेच्या कागदात घालता येते. त्यासाठी कुणा खासगी माणसावर सक्ती करावी लागत नाही. प्रकल्प सरकारचा, निविदा सरकारची आणि जमीनही संपादनानंतर सरकारचीच असेल. ही अट निविदेत आहे की नाही, हे सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी पहिली भिंत पडण्याआधी विधिमंडळात विचारावे.